काचेआडची रवण

बर्फाची एक गोष्ट आईला आल्या दिवसापासून खटकत होती. ‘पाऊस कसा, सांगून येतो,’ ती खिडकीशी बसून म्हणायची. ‘आधी वारा सुटतो, माड हलायला लागतात, मग कौलांवर वाजतो. हे तर चोरपावलांनी येतं. सकाळी उठावं तर अंगण गायब.’

आपल्याकडची आईवडील माणसं शिकागोला येतात ती बहुधा मे-जूनमध्ये, इथलं ऊन बघायला. आई आली डिसेंबरात, कारण माझं एक छोटंसं ऑपरेशन ठरलं होतं आणि तारीख तेव्हाचीच मिळाली. ते नीट पार पडलं, मी हिंडूफिरू लागले, आणि मग लक्षात आलं की चिपळूणजवळच्या आमच्या खेड्यात दिवसातून दहा वेळा खळ्यात ये-जा करणारी ही बाई दोन आठवडे चार भिंतींत बसून आहे. सात वर्षांची लेक शाळेतून आली की दोघी एकमेकींना चिकटायच्या, पण त्यांचंही बोलणं आता संपत आलं होतं. थंडीचं हेच वाईट. ती माणसांना एका घरात कोंडते आणि बोलायला नवं काही देत नाही.

म्हणून एका शनिवारी आम्ही सगळे म्युझियम ऑफ सायन्स अँड इंडस्ट्रीला गेलो. मी एकटी, नवऱ्याबरोबर, पाहुण्यांना घेऊन तिथे अनेकदा गेले आहे. पण आईबरोबर गेले तो दिवस वेगळा आहे, आणि लिहायचंय ते त्याबद्दलच.

शहराच्या दक्षिणेला, मिशिगन सरोवराच्या काठी जॅक्सन पार्क आहे. तिथे मोठमोठ्या खांबांची, घुमटाची ती इमारत उभी आहे. गाडीतून उतरताना सरोवरावरून जो वारा आला त्यानं आईचा पदर कोटाच्या बाहेर ओढून काढला. ‘समुद्रच की गं हा,’ ती म्हणाली. खारा नाही, असं मी म्हणताच तिचा विश्वास बसेना. पलीकडचा काठ दिसत नाही ते पाणी गोडं कसं असेल?

ही इमारत १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातली आहे. कोलंबसाच्या प्रवासाला चारशे वर्षं झाली म्हणून भरवलेलं ते प्रदर्शन. तेव्हा इथे पांढऱ्याशुभ्र महालांचं एक अख्खं शहर उभं राहिलं होतं, पण ते महाल होते प्लास्टर आणि काथ्यासारख्या धाग्यांच्या मिश्रणाचे, सहा महिने टिकतील इतपत. या एका इमारतीला मात्र आतून विटांची भक्कम भिंत मिळाली, कारण हिच्यात जगभरातून आणलेली चित्रं ठेवायची होती आणि चित्रांचे मालक आगीला भीत होते. बाकीचं शहर गेलं, ही राहिली. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं शहराच्या दुसऱ्या भागात सर्वधर्म परिषद भरली, जिथे विवेकानंद बोलले हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्याच व्यासपीठावर मुंबईचे बी. बी. नगरकर भारतातल्या समाजसुधारणेवर बोलले होते. त्यांचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही. मला ते या खांबांपाशी आलं की आठवतं. सप्टेंबरात आले असतील, थंडी लागायच्या आत परतले असतील का, असं उगाच मनात येतं.

आत गेलो आणि आई थबकली.

घुमटाखाली चार मजली उंच झाड, दिव्यांनी लखलखलेलं. त्याच्या भोवती पन्नासांहून जास्त झाडं, प्रत्येक एकेका देशाचं. इथे नाताळात हे दर वर्षी होतं आणि ती सजवायला येतात त्या त्या देशातून शिकागोत येऊन राहिलेली माणसं, आपापल्या घरातलं सामान घेऊन. सुरुवात झाली १९४२ साली, एका झाडानं. महायुद्ध ऐन भरात होतं आणि ते झाड दोस्त राष्ट्रांच्या सन्मानासाठी होतं. आज तिथे जर्मनीचंही झाड असतं. त्याच छपराखाली, थोडं चालत गेलं की यू-५०५ ही जर्मन पाणबुडी आहे, ४ जून १९४४ ला अमेरिकी नौदलानं भर समुद्रात पकडलेली. मुलं तिच्याकडे धावतात. मला त्या पाणबुडीपेक्षा जर्मनीचं झाड मोठं वाटतं. पाणबुडी पकडून आणता येते. झाड सजवायला मात्र कुणीतरी आपणहून यावं लागतं.

आई झाडाझाडापाशी थांबत चालली होती. युक्रेनच्या झाडावर कोळ्याच्या जाळ्यांसारखे नाजूक दागिने टांगले होते. ‘कोळिष्टकं?’ ती म्हणाली. ‘सणासुदीला?’ आमच्या घरी दिवाळीआधी लांब काठीला केरसुणी बांधून आढ्याची कोळिष्टकं काढायची हे काम तिचं, तिच्याआधी आजीचं. मग मी तिला ती गोष्ट सांगितली. एक गरीब विधवा, झाड सजवायला तिच्याकडे काही नाही, मुलं निजली, रात्री कोळ्यांनी येऊन फांद्यांवर जाळी विणली आणि सकाळच्या उन्हात ती रुप्याची झाली. आई ऐकत राहिली. नंतर इतकंच म्हणाली, ‘असेल. गरिबाच्या घरी कोळी तेवढा नेमानं येतो.’

लिथुआनियाच्या झाडावर सगळंच गवताच्या काड्यांचं होतं. चांदण्या, घंटा, छोटे पिंजरे, पक्षी. आईचा हात चटकन पुढे गेला. ‘हा पेंढा आहे.’ तिथे एक वृद्ध बाई उभ्या होत्या, बहुधा झाड सजवणाऱ्यांपैकी. आईनं त्यांना खुणेनं विचारलं, आधी भिजवता का? बोटं पाण्यात बुडवल्यासारखी केली, मग काडी वाकवल्यासारखी. त्या बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी जोरजोरात मान हलवली. भिजवतो, हो, भिजवतो, नाहीतर मोडते. आई पावसाळ्याआधी झावळ्या भिजत घालते आणि मग झाप विणते. सुकी झावळी वळत नाही, तुटते. त्या दोघी पाच-सात मिनिटं बोलल्या असतील, एकीला दुसरीची भाषा येत नसताना. मी मध्ये भाषांतराला गेले नाही. तिथे माझी गरज नव्हती.

सभोवार कुटुंबंच कुटुंबं होती. बाबागाड्या, चाकाच्या खुर्च्या, आजोबांच्या खांद्यावरची नातवंडं, कोट सांभाळत बाकावर बसलेले काके-मामे. एका बाजूला कुठल्याशा शाळेचा गायनाचा ताफा गात होता. मला वाटतं, उन्हाळ्यात हे म्युझियम पर्यटकांचं असतं. हिवाळ्यात ते घरच्या माणसांचं होतं. बाहेर जायला जागा नसते, तेव्हा तिन्ही पिढ्या एकदम इथे येतात, आणि एकच वस्तू तीन उंचींवरून पाहिली जाते.

आणि हे म्युझियम जन्मालाच मुळी एका बापलेकामुळे आलं. ज्यूलियस रोझेनवाल्ड हे सिअर्स, रोबक या मोठ्या व्यापारी कंपनीचे प्रमुख. १९११ साली ते कुटुंबासह जर्मनीत म्यूनिकला गेले होते. तिथल्या डॉइचेस म्युझियममध्ये आठ वर्षांचा मुलगा विल्यम जो रमला तो निघायलाच तयार होईना. कारण तिथे ‘हात लावू नका’ नव्हतं. कळ दाबली की यंत्र फिरत होतं. बापानं पोराला ओढून बाहेर काढण्याऐवजी ती गोष्ट मनात ठेवली, आणि पंधरा वर्षांनी आपल्या शहरासाठी तसंच काही उभारायला तीस लाख डॉलर देऊ केले. याच रोझेनवाल्डनी अमेरिकेच्या दक्षिणेत, जिथे काळ्या मुलांना धड शाळा नव्हती तिथे, हजारो शाळा उभ्या करायला पैसा दिला. म्युझियमला आपलं नाव नको, असं त्यांनी सांगितलं. १९३३ मध्ये दारं उघडली तेव्हा ते हयात नव्हते; आदल्या वर्षीच्या जानेवारीत गेले. मला राहूनराहून त्या विल्यमचा विचार येतो. आपण एका कळीपाशी हट्ट करून उभे राहिलो, त्याचं काय होणार आहे हे आठ वर्षांच्या पोराला कुठून कळावं?

हे मी लेकीला सांगितलं तेव्हा तिनं लगेच विचारलं, ‘मग मीपण निघायचं नाही म्हटलं तर?’

कुजबुजीची खोली मला फार आवडते, म्हणून आधी तिकडे गेलो. लांबट, अंड्यासारख्या गोलाईची जागा. दोन टोकांना दोन ठरावीक ठिकाणं. एका ठिकाणी उभं राहून अगदी हळू बोलायचं, की दुसऱ्या ठिकाणी उभ्या माणसाला कानाशी बोलल्यासारखं ऐकू येतं. मधल्या कुणालाच नाही. लंबवर्तुळाला दोन नाभी असतात. एका नाभीतून निघालेला आवाज भिंतीवर कुठेही आपटो, दुसऱ्या नाभीतच जाऊन मिळतो, आणि सगळ्या वाटांची लांबी सारखी असल्यानं सगळा एकाच क्षणी पोचतो. म्हणून विखुरलेली कुजबुज तिथे पुन्हा अख्खी होते. आई शाळेच्या सहलीत विजापूरचा गोलघुमट पाहून आली होती, तिला हे नवं नव्हतं. ती एका टोकाला गेली, नात दुसऱ्या. आईचे ओठ हलले. लेक एकदम वळली, लांबवरच्या आजीकडे बघून हसली आणि दोन्ही हात तोंडावर धरले. आजी काय म्हणाली ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही.

कोळशाची खाण, चक्रीवादळाचा उंच झोत, विजेचा कडकडाट करणारं टेस्लाचं वेटोळं हे सगळं झालं. विजेशी आई थांबली नाही. मग आम्ही अपोलो ८ च्या यानापाशी आलो.

लहानसं आहे ते. शंकूसारखं, करपलेलं. परतताना वातावरणात शिरल्यावर भाजून निघालेलं त्याचं बूड आजही तसंच दिसतं, चुलीवरच्या भांड्यासारखी. फ्रँक बोरमन, जिम लॉव्हेल आणि विल्यम अँडर्स हे तिघे यात बसून २१ डिसेंबर १९६८ ला निघाले. त्याआधी पृथ्वीची कक्षा सोडून कुणी माणूस गेला नव्हता. २४ तारखेला ते चंद्राभोवती फिरू लागले. दहा फेऱ्या. प्रत्येक फेरीत चंद्राच्या मागे गेलं की पृथ्वीशी बोलणं तुटायचं. चौथ्या फेरीत, पुढे येताना, चंद्राच्या करड्या काठावरून निळी पृथ्वी वर आली आणि अँडर्सनी तिचा रंगीत फोटो घेतला. चंद्र बघायला गेलेल्या माणसांना दिसलं ते आपलं घर. २७ तारखेला ते प्रशांत महासागरात उतरले. नाताळ यानात गेला.

मी हे वाचून दाखवत होते. आईनं विचारलं, ‘कुठलं साल म्हणालीस?’

‘अडुसष्ट. डिसेंबर.’

‘म्हणजे भूकंपाच्या पुढल्या वर्षी.’

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. आई तेव्हा दहा वर्षांची. सह्याद्रीच्या पलीकडे कोयनानगर उद्ध्वस्त झालं, आणि अलीकडे आमचा गावही अंधारात हलला. कौलं घसरली, भांडी फळीवरून खाली आली, गुरं हंबरली. आजोबांनी पोरांना उचलून खळ्यात आणून टाकलं. नंतर कित्येक रात्री सगळा गाव थंडीत उघड्यावर निजला, शेकोट्या करून. हे मी लहानपणी तुकड्यातुकड्यांनी ऐकलं होतं. पण त्या दिवशी आई त्या भाजलेल्या यानाच्या बुडाकडे बघत म्हणाली, ‘तेव्हा आम्हांला वाटायचं, जमीन आता कधीच गप्प बसायची नाही. पाय ठेवला की भीती. आणि वर्षानं हे लोक तिकडून बघत होते. त्यांना गप्पच दिसली असेल ना?’

गप्प, निळी, एवढीशी. मी तिला फोटो दाखवला. तिनं चष्मा वर केला आणि फार वेळ बघितला. तिच्या पायाखाली जी हलली होती तीच ही.

शेवटी आलो अंडी उबवायच्या पेटीपाशी. १९५० च्या दशकापासून इथे कोंबडीची पिल्लं लोकांच्या डोळ्यांदेखत अंड्यातून बाहेर येतात. काचेखाली उबदार प्रकाश, जाळीवर अंडी, काही शांत, काही टवका उडालेली. पलीकडे आदल्या दिवशीची पिल्लं, पिवळी, फुललेली, एकमेकांवर चढणारी. बाहेर शून्याच्या खाली आणि आत साडेसदतीस अंश. त्या काचेभोवती जितकी शांतता असते तितकी सगळ्या म्युझियममध्ये कुठे नसते. दिव्यांच्या झाडांपाशी लोक फोटो काढतात. इथे वाट बघतात.

आईनं एकदा नजर टाकली आणि म्हणाली, ‘रवणच ही. फक्त कोंबडी नाही.’

‘रवण म्हणजे?’ लेकीनं विचारलं.

आणि मग आई जी सुरू झाली! कोंबडी खुडूक झाली की कशी कुणाला जवळ येऊ देत नाही, पिसं फुलवून कशी बसते. मग टोपलीत पेंढा घालायचा, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायची आणि तिला रवणीला बसवायची. पाचव्या-सहाव्या दिवशी अंडं मुठीत धरून उन्हाकडे करायचं. आत लाल रेघांचं जाळं दिसलं तर ठेवायचं, नितळ दिसलं तर काढायचं. कोंबडी स्वतः अंडी चोचीनं फिरवत असते, नाहीतर पिल्लू एका बाजूला चिकटून बसतं. एकवीस दिवस. उठते ती दिवसातून एकदाच, चार दाणे टिपते, पाणी पिते, लगेच परत.

‘पेटीतली अंडी कोण फिरवतं?’ नात म्हणाली.

‘यंत्र,’ मी म्हटलं. ‘अठराव्या दिवसापर्यंत. मग फिरवायची नाहीत. पिल्लानं तोवर डोकं कुठे करायचं ते ठरवलेलं असतं.’

एवढंच मला ठाऊक होतं, तेही तिथल्या पाटीवरून आणि पुस्तकातून. अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते. पिल्लू आधी आतला पापुद्रा फोडून त्या पोकळीतली हवा घेतं, तो त्याचा पहिला श्वास. मग चोचीच्या टोकावरच्या बारीकशा कठीण उंचवट्यानं कवच ठोकतं. तो उंचवटा काही दिवसांनी गळून पडतो, काम झालेलं असतं. भोक पडल्यावर बाहेर यायला बारा तास लागतात, कधी दिवसभर. तेवढ्यात रक्तवाहिन्या सुकतात आणि उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो. त्या शिदोरीवर ते दोन दिवस खाल्ल्यावाचून राहतं.

आमच्या समोरच्या अंड्याला भोक होतं, मसुराएवढं. त्यातून चोचीचं टोक दिसे आणि नाहीसं होई. लेक नाक काचेला लावून उभी. पाच मिनिटं. दहा. शेजारचा एक मुलगा कंटाळून गेला, दुसरा आला.

‘आजी, ते दमलंय. त्याला कुणी मदत का नाही करत?’

‘हात लावायचा नाही,’ आई म्हणाली. आवाज एकदम कडक झाला होता तिचा. ‘मी एकदा लावलेला. सोललं कवच. रक्त आलं. माझ्या आयेनं मारलंन मला.’

मग जरा थांबून, नातीकडे न बघता, काचेकडेच बघत तिनं ती गोष्ट सांगितली जी मी पन्नाशीला आले तरी ऐकली नव्हती. भूकंपाच्या त्या पहाटे घरातली सगळी माणसं खळ्यात होती. पडवीच्या आत, कोपऱ्यात, टोपलीतली रवणीची कोंबडी मात्र होती तिथेच. ओरडली नाही, उठली नाही. वरून कौलं पडत होती. सगळे नको म्हणत असताना पणजी आत गेली आणि टोपली कोंबडीसकट कमरेवर घेऊन बाहेर आली. तिनं ती शेकोटीपासून बेतानं लांब ठेवली, वर गोणपाट टाकलं. वीज कडाडली तर अंडी फुकट जातात असं घरात मानायचे. भूकंपानं तर सगळीच गेली असं आजोबा म्हणाले. तेरा अंडी होती. पाच-सहा दिवसांनी, खळ्यातच, नऊ पिल्लं निघाली.

‘आम्ही सगळी पोरं गोणपाटाशी बसून असायचो,’ आई म्हणाली. ‘जमीन मधूनच हलायची. मोठी माणसं देवाचं नाव घ्यायची. आणि आत टकटक चाललेली.’

मी तिच्याकडे बघत राहिले. ही गोष्ट तिच्यात अठ्ठावन्न वर्षं होती. सांगायला तिला हे अर्धं जग ओलांडून, बर्फातून, या काचेपाशी यावं लागलं. म्हणजे मी तिला इतकी वर्षं कधी अशा जागी उभंच केलं नव्हतं, जिथे तिला माहीत असलेलं कुणाला हवं असेल. माझ्या शहरात ती आली की मी तिला फक्त दाखवत राहिले. इमारती, दुकानं. ती बघायची आणि छान म्हणायची.

आमच्या भोवती चार-पाच अनोळखी माणसं उभी होती. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण आईनं मुठीत अंडं धरून उन्हाकडे केलं तेव्हा ती तिच्याच हाताकडे बघत होती. एका गृहस्थांनी लहान मुलाला पुढे केलं. मी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं, त्यांनी मुलाला सांगितलं.

म्युझियम बंद होत असल्याची घोषणा झाली. भोक आता बोराएवढं झालं होतं. लेक जागची हलेना. मी तिला ओढलं नाही. आईच खाली वाकली आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलली, त्या खोलीतल्यासारखं, आणि ती निघाली.

घरी येईपर्यंत पुन्हा बर्फ सुरू झाला होता. जेवणं झाली, दिवे मालवले. लेक आजीच्या कुशीत निजते हल्ली. मी दाराशी होते. खूप वेळानं, झोपली असेल असं वाटत असताना, अंधारातून तिचा आवाज आला.

‘आजी, आलं असेल?’

आईनं उशाचं घड्याळ उजेडाकडे धरलं, बोटांवर तास मोजले.

‘आलं,’ ती म्हणाली. ‘आता अंग वाळत असेल त्याचं.’